शिळा भात, बीटी कापूस आणि काळपुळी

रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकायचा, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर, की झाला नाश्ता. आपल्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि बहुतेकांना त्यातून कधी काही होत नाही. त्यामुळे 'शिळ्या भातातून विषबाधा होते' असं कुणी सांगितलं की घरातली मोठी माणसं हसतात. त्यांचा अनुभव खोटा नाही आणि डॉक्टरांचा इशाराही खोटा नाही. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हे कळायला भातात वाढणाऱ्या जिवाणूच्या जनुकांपर्यंत जावं लागतं.

या जिवाणूचं नाव बॅसिलस सेरियस. मुळात तो मातीतला. तिथून तांदूळ, डाळी, मसाले, बटाटे, दूध असा कुठेही पोचतो. परिस्थिती वाईट झाली की तो बीजाणू होतो, म्हणजे आपला डीएनए जाड कवचात बंद करून निपचित पडून राहतो. भात शिजताना वाढत्या पेशी मरतात, पण बीजाणूंपैकी काही तगतात. इतर जिवाणू मेलेले असल्याने त्यांना रानही मोकळं मिळतं. भात कोमट झाला की बीजाणू रुजतात आणि आपल्या उन्हाळ्यातल्या स्वयंपाकघराच्या तापमानाला भराभर वाढतात.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पुढे गुंता सुरू होतो, कारण या एका नावाखाली दोन अगदी वेगळे आजार आहेत.

पहिला आजार नॉर्वेत नीट ओळखला गेला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ओस्लोमध्ये व्हॅनिला सॉस खाऊन सुमारे ६०० जणांची पोटं बिघडली. सॉस आदल्या दिवशी करून बाहेर ठेवलेला होता आणि त्यात घातलेल्या मक्याच्या पिठीत बीजाणू होते. स्टाइनर हाउगे या संशोधकाने सॉसमधला जिवाणू वेगळा केला, वाढवला आणि त्याचं सुमारे २०० मिलिलिटर मिश्रण स्वतःच पिऊन टाकलं. साधारण १३ तासांनी त्याच्या पोटात जोराची कळ आली आणि जुलाब सुरू झाले. आजच्या कुठल्याही नैतिकता समितीने हा प्रयोग दारातच अडवला असता, पण पुरावा मात्र पक्का मिळाला.

दुसरा आजार १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये दिसला. लंडनच्या चिनी रेस्टॉरंटांत फ्राइड राइस खाल्लेल्या लोकांना काही तासांतच उलट्या होऊ लागल्या. भात एकदम शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा (गार भाताचे गोळे होत नाहीत) आणि गिऱ्हाईक आलं की अंडं घालून परतायचा, ही तिथली पद्धत. इथेही बॅसिलस सेरियसच सापडला. पण नॉर्वेत १३ तासांनी जुलाब आणि इथे काही तासांत उलट्या?

जुलाबांची विषं प्रथिनं असतात. जिवाणू ती मुख्यतः आपल्या आतड्यात वाढताना तयार करतो, म्हणून वेळ लागतो. उलट्यांचं विष खाण्यातच तयार होऊन बसलेलं असतं. त्याला सेरियुलाइड म्हणतात. नव्वदच्या दशकाच्या मध्यात जपानी संशोधकांनी ते शुद्ध रूपात मिळवलं. त्याची चाचणी कशावर घ्यायची ही अडचण होती, कारण उंदराला उलटी होतच नाही. ती होते चिचुंद्रीला. आपल्या घरात भिंतीच्या कडेने पळणारी, घाण वास सोडणारी हीच चिचुंद्री सेरियुलाइडच्या प्रयोगांत कामी आली. विष दिल्यावर ती ओकली आणि शोध पक्का झाला.

सेरियुलाइड हा १२ तुकड्यांचा गोल रेणू आहे, चार तुकड्यांचा एकच क्रम तीनदा आलेला. पोटॅशियमचा अणू त्याच्या मध्यात बरोबर बसतो आणि त्याला घेऊन हा रेणू पेशींच्या पडद्यांतून आरपार जातो. त्यामुळे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचं काम कोलमडतं. विष खूप जास्त गेलं तर यकृत निकामी होऊ शकतं. जठरातलं आम्ल किंवा पाचकरस त्याचं काही बिघडवत नाहीत. १२१ अंश सेल्सिअसलाही ते टिकतं, म्हणजे प्रेशर कुकरही हरला. फोडणीत भात कितीही परतला तरी एकदा तयार झालेलं सेरियुलाइड जात नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. 'गरम केलं की सगळं मरतं' हा आपला घरगुती नियम जिवाणूला लागू पडतो, या विषाला नाही.

मग हे विष कुठले स्ट्रेन बनवतात? स्ट्रेन म्हणजे एकाच जातीतला, पण स्वतःची वंशावळ असलेला जिवाणू. एटीसीसी १४५७९ हा बॅसिलस सेरियसचा नमुना म्हणून प्रयोगशाळांत ठेवलेला स्ट्रेन. २००३ मध्ये त्याचा पूर्ण जनुकसंच, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचून झाला. सुमारे ५४ लाख अक्षरं (डीएनएचे रासायनिक घटक एकेका अक्षराने लिहितात) आणि त्यात पाच हजारांवर जनुकं. दुसरा एफ४८१०/७२, ज्याला एएच१८७ असंही म्हणतात. ब्रिटनमध्ये १९७२ मध्ये भात खाऊन आजारी पडलेल्या माणसाच्या उलटीतून तो मिळाला. हे दोन जनुकसंच शेजारी शेजारी ठेवले की दोन आजारांचं कोडं सुटतं.

एटीसीसी १४५७९ मध्ये जुलाबाच्या तिन्ही विषांची जनुकं आहेत: एचबीएल, एनएचई आणि साइटोटॉक्सिन के. सेरियुलाइडचं जनुक नाही. एएच१८७ मध्ये एनएचई आहे, एचबीएल आणि साइटोटॉक्सिन के नाहीत, आणि शिवाय सीईएस नावाचा २४ हजार अक्षरांचा जनुकांचा गट आहे. हा गट सेरियुलाइड बनवतो. एरवी पेशीत प्रथिनं बनवायचं काम रायबोसोम करतो. सेरियुलाइड त्या वाटेने येतच नाही. सीईएस गटातल्या जनुकांपासून अवाढव्य विकरं तयार होतात आणि ती एकेक तुकडा जोडत तो रेणू घडवतात. हा गट नसलेला स्ट्रेन भातात कोट्यवधींनी वाढला तरी सेरियुलाइड तयार होणार नाही. आणि सगळे स्ट्रेन मोजले तर सीईएस असलेले थोडेच निघतात. फोडणीचा भात खाणाऱ्या बहुतेकांना उलट्या न होण्यामागे हेही एक कारण आहे.

गंमत म्हणजे उलट्यांचे बहुतेक स्ट्रेन स्टार्च पचवू शकत नाहीत. तरी त्यांचं नाव कायम भात आणि पास्ता यांच्याशीच जोडलेलं.

सीईएस गट मुख्य गुणसूत्रावर नाही, हे पुढे कळलं. जिवाणूत मोठ्या गुणसूत्राखेरीज डीएनएची छोटी, वेगळी वर्तुळं असू शकतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. ती स्वतंत्रपणे दुप्पट होतात, कधी हरवतात, कधी एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात. सीईएस गट सुमारे २ लाख ७० हजार अक्षरांच्या एका प्लाझ्मिडवर बसलेला निघाला. संशोधकांनी त्या प्लाझ्मिडचा बाकीचा भाग माहितीसाठ्यातल्या इतर प्लाझ्मिडांशी ताडून पाहिला, तेव्हा त्याचा सांगाडा जुळला तो एका भलत्याच जिवाणूच्या प्लाझ्मिडशी. तो जिवाणू म्हणजे बॅसिलस अँथ्रासिस. गुराढोरांना होणारी काळपुळी, काही भागांत जिला फाशी म्हणतात, तिचा कर्ता.

काळपुळीच्या जिवाणूत दोन प्लाझ्मिडं असतात. एक्सओ१ वर विषाची तीन जनुकं असतात. एक्सओ२ वर जिवाणूभोवती आवरण तयार करणारी जनुकं असतात, आणि त्या आवरणामुळे शरीराची संरक्षक यंत्रणा त्याला गिळू शकत नाही. सीईएसचं प्लाझ्मिड एक्सओ१ च्या नात्यातलं आहे, फक्त काळपुळीच्या विषाचा भाग त्यात नाही. म्हणजे सांगाडा एकाच घराण्यातला, आणि त्यावर चढवलेलं सामान एकीकडे प्राणघातक रोगाचं, तर दुसरीकडे उलट्यांचं.

या घराण्यातला तिसरा भाऊ आपल्या शेतकऱ्यांना चांगला माहीत आहे. जपानमध्ये १९०१ साली रेशमाच्या अळ्या मारणारा एक जिवाणू सापडला. पुढे जर्मनीत थुरिंजिया भागात पिठातल्या पतंगांच्या अळ्यांत तोच मिळाला, म्हणून बॅसिलस थुरिंजिएन्सिस. बीटी तो हाच. त्याची क्राय जनुकं अळ्यांना मारणारी स्फटिकरूप प्रथिनं बनवतात आणि तीही बहुतेक वेळा प्लाझ्मिडांवर असतात. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यात क्राय१एसी हे जनुक होतं. २००६ मध्ये आलेल्या वाणांत क्राय२एबीची भर पडली. विदर्भात बोंडअळीने पुढे काय केलं ती वेगळी कहाणी आहे. इथे एवढंच स्पष्ट करतो की कापसात घातलेलं आहे फक्त क्राय जनुक, अख्खा जिवाणू नाही. एचबीएल आणि एनएचई यांची जनुकं कीटकनाशक म्हणून फवारल्या जाणाऱ्या जिवंत बीटीत असतात, कापसात नसतात. हा फरक न सांगता लोकांना घाबरवणारे संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतात. मला त्यांचा खरोखर वैताग येतो.

तिन्ही भावांचे जनुकसंच ताडून पाहिले तर मुख्य गुणसूत्र आश्चर्य वाटावं इतकं सारखं निघतं. २००० मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी सरळ मांडलं की जनुकीय पुराव्यावरून हे तीन मिळून एकच जात ठरतात. वैद्यकातल्या लोकांना हे पचणं शक्यच नव्हतं. एक पोटाचा त्रास, एक जैविक कीटकनाशक आणि एक जैविक अस्त्र, यांना एकाच नावाने हाक कशी मारायची?

हा वाद चालू असताना समोर आलेला जी९२४१ हा स्ट्रेन पाहा. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात एका माणसाला काळपुळीच्या न्यूमोनियासारखा गंभीर आजार झाला. त्याच्याकडून मिळालेला जिवाणू सगळ्या नेहमीच्या चाचण्यांत बॅसिलस सेरियस ठरत होता. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचात दिसलं की त्याच्यात एक्सओ१ ची जवळजवळ हुबेहूब प्रत आहे, ९९.६ टक्के जुळणारी. नाव सेरियस आणि सामान काळपुळीचं.

उलट बाजूही तितकीच रोचक आहे. काळपुळीच्या जिवाणूत एनएचईची जनुकं आहेत, मग तो जुलाबाचं विष का बनवत नाही? या विषांना चालू-बंद करणारं एक नियामक जनुक आहे, पीएलसीआर. बॅसिलस अँथ्रासिसमध्ये त्यातलं एक अक्षर बदललेलं आहे. त्या एका अक्षरामुळे मध्येच 'थांबा' अशी खूण तयार झाली. नियामक प्रथिन अर्धवट राहतं आणि त्याच्या हाताखालची जनुकं जवळपास गप्प बसतात. आता विचार करा: 'या स्ट्रेनमध्ये एनएचई जनुक आहे का' एवढाच प्रश्न विचारला तर उत्तर 'हो' येईल आणि ते फसवं असेल. एनएचई तर या घराण्यातल्या जवळजवळ प्रत्येकात सापडतं.

जनुक नुसतं नावाने जुळलं तरी भागत नाही, याचं सर्वांत बोलकं उदाहरण साइटोटॉक्सिन के. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या एका वृद्धाश्रमात विषबाधा होऊन तीन जण दगावले. तिथून मिळालेल्या एनव्हीएच ३९१-९८ या स्ट्रेनमध्ये एचबीएल नव्हतं, हे नवं विष होतं. पुढे इतर स्ट्रेनमध्येही तेच जनुक सापडू लागलं. मग दोन्हींचा क्रम नीट ताडला गेला. प्रथिनांच्या साखळीत ८९ टक्के साम्य होतं, पण इतर स्ट्रेनमधल्या रूपाचा विषारीपणा मूळच्या साधारण एक-पंचमांशच भरला. म्हणून आता त्यांना के-१ आणि के-२ असं वेगळं मोजतात. संगणकावर 'जुळलं' म्हणायची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवली तर दोन्ही एकच दिसतील, ९५ वर ठेवली तर वेगळी. ही मर्यादा माणूसच ठरवतो. पुढे के-१ असलेला दुसरा एक स्ट्रेन मिळाला, एनव्हीएच ८८३/००. तो पेशींना फारसा मारत नव्हता, कारण त्याच्यात हे जनुक फारच कमी चालत होतं. फ्रान्समधल्या त्या स्ट्रेनचा जनुकसंच सुमारे ४१ लाख अक्षरांचाच निघाला आणि बाकीही इतका वेगळा होता की २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र जात मानून बॅसिलस सायटोटॉक्सिकस असं नाव दिलं गेलं. वाळवलेल्या बटाट्याच्या पदार्थांत तो बऱ्याचदा आढळतो.

हे ताडून पाहणं प्रत्यक्षात कसं चालतं? जिवाणूचा डीएनए काढून यंत्रात घातला की अख्खा क्रम एकसंध बाहेर येत नाही. प्रचलित यंत्रं दीडशे-अडीचशे अक्षरांचे लाखो तुकडे देतात. एकमेकांवर चढणारी टोकं जुळवून संगणक त्यांची पुन्हा साखळी करतो. गुणसूत्र बऱ्यापैकी जुळून येतं, प्लाझ्मिडं मात्र तुटक राहतात, कारण एकसारखे पुनरावृत्तीचे भाग कुठे बसवायचे ते संगणकाला कळत नाही. आणि आपल्याला हवी असलेली सामग्री नेमकी प्लाझ्मिडांवरच असते! त्यासाठी हल्ली हजारो अक्षरं सलग वाचणारी यंत्रंही सोबत वापरतात. मग दोन यादी होतात: सगळ्या स्ट्रेनमध्ये असलेली जनुकं आणि काहींतच असलेली. पहिली यादी नातं सांगते, दुसरी स्वभाव.

विषबाधेचा उद्रेक झाला की पहिल्या यादीतल्या एकेका अक्षराचे बदल मोजतात. जुन्या पोथ्यांचे पाठभेद पाहून कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून उतरवली हे अभ्यासक ठरवतात, तसंच हे आहे. एकाच ठिकाणी तीच चूक असेल तर मूळ एक. रुग्णाकडून मिळालेला आणि हॉटेलातल्या पातेल्यातला जिवाणू यांत चार-आठ अक्षरांचाच फरक असेल तर ते सख्खे, हजारो अक्षरांचा असेल तर परके. २०१६ मध्ये न्यू यॉर्क राज्यात एका मेक्सिकन रेस्टॉरंटच्या परतलेल्या राजम्यासारख्या कडधान्याच्या भाजीतून, म्हणजे रिफ्राइड बीन्समधून, असा उद्रेक झाला. त्याच्या अभ्यासात दोन गोष्टी निघाल्या. सीईएसवाल्यांसोबत सीईएस नसलेले स्ट्रेनही त्याच उद्रेकातून मिळाले, म्हणजे एका रुग्णाचा एकच नमुना तपासला तर भलत्याच जिवाणूवर आळ येऊ शकतो. आणि वेगवेगळी सॉफ्टवेअरं तोच डेटा घेऊन अक्षर-फरकांचे वेगवेगळे आकडे देत होती. 'इतक्या अक्षरांपेक्षा कमी फरक म्हणजे एकच उगम' असा सरसकट नियम त्यामुळे करता येत नाही.

नावांचा घोळ निस्तरायचा मोठा प्रयत्न २०२० मध्ये झाला. अमेरिकेतल्या संशोधकांनी सुचवलं की जातीचं नाव संपूर्ण जनुकसंचाच्या सरासरी साम्यावरून ठरवावं, ९२.५ टक्क्यांची रेषा धरून, आणि विषाचा गुण त्यापुढे वेगळा जोडावा. सीईएस असेल तर 'एमेटिकस', काळपुळीचं विष असेल तर 'अँथ्रासिस', क्राय असेल तर 'थुरिंजिएन्सिस'. मला ही मांडणी पटते. प्लाझ्मिड येतं-जातं, मग त्यावरून जात कशी ठरवणार? पण तेच प्लाझ्मिड माणसाला मारू शकतं, मग ते नावातून वगळणार तरी कसं? सध्या अन्न तपासणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळा मात्र अंड्याचा बलक घातलेल्या माध्यमावर गुलाबी वसाहती पाहून 'बॅसिलस सेरियस' एवढंच लिहितात. त्यात एखादा फवारणीचा बीटी असला तरी वेगळा ओळखू येत नाही.

जनुकांची तुलना शक्यता सांगते. विष खरोखर किती तयार झालं ते वेगळं मोजावं लागतं. भात परतल्यावर जिवाणू मेलेले असतील आणि सेरियुलाइड शाबूत. म्हणून रेणूचं वस्तुमान मोजून सेरियुलाइड शोधण्याची पद्धत २०१७ मध्ये आयएसओ मानक म्हणून आली. विष किती तयार होणार हे ठरतं तापमान आणि वेळ यांवर. बेल्जियममध्ये २००३ मध्ये सहलीतून उरलेलं पास्ता सॅलड तीन दिवसांनी पाच मुलांनी खाल्लं आणि सात वर्षांची एक मुलगी यकृत निकामी होऊन गेली. सॅलड फ्रिजमध्येच ठेवलेलं होतं. फ्रिजचं तापमान १४ अंश निघालं.

आपल्या घरी गच्च भरलेलं, सारखं उघडबंद होणारं, दिवसातून दोनदा वीज जाणारं फ्रिज सहज तिथे पोचू शकतं. भाताच्या बाबतीत तर त्याआधीच वेळ निघून जातो. कुकरच्या डब्यात दाबून राहिलेला भात मध्यभागी कित्येक तास कोमट असतो. तोच परातीत पसरला तर लवकर निवतो आणि तासा-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकता येतो.